कमाटीबागेतले पाच तास

बडोद्याला कुणी निघालं की मला फोन येतो. "तुझं आजोळ ना गं तिकडचं? दोन दिवस आहेत, काय काय बघू सांग." मग मी यादी सांगते. गेली तीस वर्षं तीच यादी, आणि ती मुळात माझी नाहीच, आजीची आहे.

आजी म्हणायची, आधी लक्ष्मीविलास बघून घ्या, म्हणजे डोळे दिपायचे ते एकदाच दिपतील. १८९० साली पूर्ण झालेला तो राजवाडा आराखड्याला मेजर मँटनं सुरू केला आणि शेवटाला नेला रॉबर्ट चिझमनं. एकाच भिंतीवर मुघल, राजपूत, मराठी आणि इटालियन अशा चार तऱ्हा नांदतात. मग जुन्या गावात शिरायचं. लहेरीपुरा दरवाजातून आत गेलं की समोर मांडवी. वाटेत न्यायमंदिर, १८९६चं. त्यातलं कोर्ट आता दुसरीकडे गेलंय, पण इमारत अजून निवाडा सांगणाऱ्या माणसासारखी ताठ उभी आहे. सूरसागराला एक फेरी. रावपुऱ्याच्या बाजूला तांबेकरवाडा, गणपतराव गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा, ज्याच्या भिंती माणसं, देव, युद्धं आणि युरोपियन मडमांच्या चित्रांनी खालपासून वरपर्यंत भरलेल्या आहेत. कीर्तिमंदिरात नंदलाल बसूंची भित्तिचित्रं. सेंट्रल लायब्ररीत पोलादी कपाटं आणि त्यांच्यामधली काचेची जमीन, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांना मिळावा म्हणून केलेली. पोट भरायला सेव-उसळ, जी बघून कोल्हापूरकर नाक मुरडतात आणि दुसरी प्लेट मागतात. येताना लीलो चेवडो.

आणि या सगळ्याच्या आधी, मध्ये किंवा नंतर, कमाटीबाग. कागदोपत्री सयाजीबाग. आजी 'बाग' एवढंच म्हणायची, जसं मुंबईत 'समुद्र' म्हणतात.

दर मेमध्ये आम्ही बडोद्याला जायचो. दांडिया बाजारातला तो वाडा, पुढे ओटा, मध्ये चौक, मागे न्हाणीघर. संध्याकाळी उन्हं उतरली की आजी म्हणे, "बारी लाव गं, बागेत जाऊ." बारी म्हणजे खिडकी. बडोद्याच्या मराठीत अशी गुजराती सर्रास मिसळलेली असते. भाजीला शाक म्हणणारी आणि तरी 'हेमाडपंती' हा शब्द बरोबर वापरणारी ती माणसं. बागेत झाडं इतकी की आत शिरल्यावर पाच अंश गारवा वाटे. विश्वामित्री मधून वाहते, तिच्यात मगरी. त्या खऱ्याखुऱ्या असतात, शहराच्या ऐन मध्यात, आणि पुराच्या वर्षी (२०२४च्या ऑगस्टमध्येही) रस्त्यांवर, अंगणांत येऊन बसतात. आम्हाला पुलावरून मगर दिसली तर त्या दिवशी आइस्क्रीम नसलं तरी चालायचं. म्युझियममध्ये महाकाय देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी. ममीपुढे आजी हात जोडायची. "कुणाची तरी आईच असेल," म्हणायची.

गावाचं नावच झाडावरून. राष्ट्रकूट कर्काच्या ८१२ सालच्या ताम्रपटात 'वटपद्रक' असा उल्लेख आहे, वडांचं गाव. १७३४ पासून ते गायकवाडांच्या हातात पक्कं आलं, मधली दीडशे वर्षं वाडे-हवेल्या-छावण्यांत गेली, आणि मग १८७५ साली मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. हे सगळ्यांना पाठ असतं. बाग १८७९ची. तेव्हा सयाजीराव सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण टी. माधवरावांच्या हातात होता, तेव्हा बागेचं श्रेय सगळंच्या सगळं महाराजांना देणं हिशेबाला धरून नाही. पण तिला वाढवलं त्यांनी. म्युझियमची इमारत १८९४ साली बागेतच उभी केली, राजवाड्यात नव्हे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दागिने, चित्रं, ममी, पेंढा भरलेले वाघ, हे राजेलोक सहसा आपल्या दिवाणखान्यात ठेवतात. इथे ते अशा ठिकाणी ठेवले, जिथे भाजी घेऊन घरी निघालेली बाई वाकडी वाट करून शिरू शकेल.

इतकी वर्षं यादी सांगताना मी इथे थांबायचे. बाग, मगरी, देवमासा. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी वयाच्या पस्तिशीत, पुण्यात, एका पातळशा पुस्तकात वाचलं.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आत्मकथनपर टिपण. १९३०च्या दशकात लिहिलेलं, पुस्तकरूपात आलं १९९० साली. त्यातलं एक प्रकरण बडोद्याचं आहे. मी ते रात्री वाचायला घेतलं आणि कमाटीबाग हे नाव आल्यावर पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. आपल्या बालपणाची जागा दुसऱ्याच्या अशा लिखाणात भेटेल याची तयारी नव्हती.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९१३च्या जूनमध्ये बडोदा सरकारनं भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराशी करार केला: कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकायला दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते १९१७च्या ऑगस्टमध्ये मुंबईला उतरले आणि सप्टेंबरात कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी. लिहितात की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती; बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ती एका प्रश्नाबरोबर परत आली. राहायचं कुठे?

खानावळींचं त्यांना ठाऊक होतं, तिथे जात सांगावी लागणार आणि लपवली तर पुढे कळणार. अमेरिकेत भेटलेले बडोद्याचे स्नेही होते, पण त्यांनी आपल्याला घरात घेतलं नाही तर दोघांचीही मान खाली जाईल, म्हणून तिकडे गेले नाहीत. एक पारशी सराई होती. तिथे फक्त पारशांना जागा. तिच्या राखणदारानं तोड काढली: नोंदवहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एकच खोली, शेजारच्या दालनात मोडकं फर्निचर, विजेचा दिवा नाही. रात्री राखणदार एक छोटा कंदील आणून ठेवी आणि वटवाघळं फिरत. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जात होता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले होते. आदल्या रात्री वाचायला आणलेली ग्रंथालयाची पुस्तकं परत करायची म्हणून उचलत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. कोण आहेस तू, सराई बाटवलीस. आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत बाहेर पड.

त्या दिवशी दोन मित्रांकडे विचारून झालं. हिंदू मित्राला फार वाईट वाटलं, पण तू आलास तर माझे नोकर निघून जातील, म्हणाला. दुसरा ख्रिस्ती झालेला होता, मूळचा ब्राह्मण. बायको दुसऱ्या दिवशी येणार होती, तिला विचारून सांगतो, म्हणाला. बायको जुन्या वळणाची आहे हे त्यांना ठाऊक होतं. दुपारचे चार वाजले. मुंबईची गाडी रात्री नऊला. सराईत परत जायची हिंमत नव्हती, मित्राकडे जाऊन कीव करून घ्यायची इच्छा नव्हती. मधले पाच तास कुठे काढायचे?

कमाटीबागेत.

शहर आणि कँप यांच्या सीमेवरची सार्वजनिक बाग, असं ते तिचं वर्णन करतात. तिथे ते बसून राहिले. कधी मन रिकामं, कधी भरून आलेलं. एकाकी पडलेली लेकरं आठवतात तसे आईवडील आठवले. आठ वाजता उठले, टांगा केला, सराईतून सामान उतरवलं. राखणदार बाहेर आला. दोघंही काही बोलू शकले नाहीत. बिल दिलं, त्यानं मुकाट घेतलं.

झाडाचा उल्लेख या मजकुरात नाही, ते वडाखाली बसले ही परंपरेनं चालत आलेली आठवण आहे. पुढचं आयुष्य कशासाठी वेचायचं याचा निश्चय त्यांनी तिथे केला असं मानतात, म्हणून ती जागा संकल्पभूमी, आणि दिवस २३ सप्टेंबर धरतात. ज्या गावाचं नावच वडावरून पडलं, तिथे ही आठवण वडाच्या सावलीत जाऊन बसली तर नवल नाही. मला मात्र झाडापेक्षा ती ग्रंथालयाची पुस्तकं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

कारण त्या पुस्तकांत बडोद्याची सगळी गोम आहे. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अस्पृश्यांसाठी शाळा त्याच्याही कितीतरी आधी काढल्या. हिंदू शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले. १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरतील अशी व्यवस्था बसवली. म्हणजे राजाज्ञेनं जे जे उघडता येतं ते ते उघडलं: शाळा, ग्रंथालय, बाग, म्युझियम, परदेशाची बोट. आंबेडकरांना यातल्या प्रत्येक ठिकाणी प्रवेश होता. ग्रंथालयानं पुस्तकं दिली, बागेनं पाच तास दिले. नाही म्हणाली ती घरं.

आणि कचेरी. ती तर राजाचीच, पण तिच्यात माणसं घरून येत. धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय की शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकत, ते उठून जाऊ लागले की सतरंजी गुंडाळली जाई, कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे.

हे मी माझ्या मामाला फोनवर वाचून दाखवलं. मामा त्या वाड्यात वाढलेला, सयाजीरावांचा निस्सीम भक्त. जरा थांबून म्हणाला, "पण काठ्या घेऊन आले ते पारशी होते ना?" होते. मीही पहिल्यांदा वाचताना नकळत हेच धरून बसले होते, हे कबूल करायला हवं. पण पारशी सराईत ते गेलेच का? मराठी माणसांच्या खानावळींत आणि वाड्यांत सोय नव्हती म्हणून. १९१७च्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी हा सगळा भाग दक्षिण्यांनी भरलेला होता (आम्हाला तिकडे दक्षिणी म्हणत). दरबारात, कचेऱ्यांत आमचीच माणसं. इथेच १९०९ साली मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अरविंद घोष तेरा वर्षं बडोद्यात होते, मराठी शिकले; ते राहिले ती वास्तू दांडिया बाजारातच आहे, आमच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर, आणि ती आजीच्या यादीत होती. परगावच्या हुशार माणसाला कसं ठेवून घ्यावं हे आमच्या गल्लीला माहीत नव्हतं असं नाही.

पणजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. घरात त्यांचा एक फोटो होता, पगडी, उपरणं, चेहऱ्यावर सरकारी नोकराचं समाधान. वाडा २००९ साली विकला तेव्हा एका ट्रंकेत त्यांच्या वह्या निघाल्या. त्यातली एक भाड्याची. वाड्यात मागच्या बाजूला आणि माडीवर मिळून पाच खोल्या बिऱ्हाडकरूंना दिलेल्या असत. मोडी मला जेमतेम लागते, पण आडनावं ओळखता आली. चौदा वर्षांची वही, खोल्या रिकाम्या होतात, भरतात, भाडं चार आण्यांनी वाढतं, कुणी बाळंतपणाला गावी गेली म्हणून महिनाभर सूट मिळते. आडनावं सगळी आमच्यासारखी. एकही वेगळं नाही. कुठेही 'अमक्याला नाकारलं' अशी नोंद नाही, कारण तशी वेळच आली नसावी. त्या जिन्यावर चढून विचारायला यावं असं कुणाला वाटण्याचीच शक्यता नव्हती. आंबेडकरांनी आमच्या वाड्यात विचारलं नाही. न विचारताच उत्तर माहीत होतं.

पणजोबा दुष्ट नव्हते. आजी सांगायची, महाराजांच्या सुधारणांचं त्यांना फार कौतुक. जेवताना बोलत बसायचे. बंगल्याचा तो अर्ज त्यांच्या टेबलावरून गेला असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. गेला नसेल, कचेरी मोठी होती. पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या कागदाला किती टेबलं लागतात आणि प्रत्येक टेबलामागे सुधारणांचं कौतुक असणारा एक माणूस असतो, हे मला ती वही हातात घेतल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी काय केलं, असं मामानं विचारलं. दिवाणांशी बोलणं झालं, उपाय निघाला नाही, एवढंच चरित्रांतून दिसतं. पुढे १९१८च्या मार्चमध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंद्यांनी भरवलेल्या अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्ष सयाजीरावच होते. म्हणजे बागेतल्या त्या संध्याकाळीनंतर साधारण सहा महिन्यांनी. यावरून त्यांना ढोंगी म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. त्यांच्याइतकं करणारा दुसरा संस्थानिक शोधायला शाहू महाराजांकडे जावं लागतं. पण मामासारखं, महाराजांनी शिष्यवृत्ती दिली म्हणजे बडोद्यानं आपलं काम केलं, हेही आता म्हणवत नाही. शिष्यवृत्ती खजिन्यातून जाते, खोलीला शेजारी लागतो.

दोन वर्षांपूर्वी २३ सप्टेंबरला मी बडोद्यात होते. वाडा नाही, त्या जागी खाली दुकानं आणि वर फ्लॅट. हॉटेलात उतरले, ओळखपत्राची झेरॉक्स घेतली, बाकी कुणी काही विचारलं नाही. दुपारी चारला बागेत गेले, मुद्दाम त्याच वेळेला. पावसाळा सरत होता, विश्वामित्री गढूळ आणि भरलेली, पुलावर पोरं मगरीसाठी वाकून उभी. फुलांच्या घड्याळापाशी सेल्फी. देवमासा जिथे होता तिथेच.

संकल्पभूमीपाशी गर्दी होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे गठ्ठे विकायला ठेवलेले, आणि गुजरातीइतकीच मराठी कानावर पडत होती: वऱ्हाडी, खानदेशी, मराठवाड्याची. माझ्या लहानपणी बागेत जी मराठी ऐकू यायची ती ही नव्हती. वडाला हात लावून लोक पुढे सरकत होते. मी रांगेत उभी राहिले, हात लावला, आणि बाजूला जाऊन बसायला जागा शोधू लागले. जमीन ओली होती. एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या चादरीचा अर्धा भाग झटकून मोकळा केला.

"बसा ताई. पाय दुखतेत का?"

बसले. त्या अकोल्याकडच्या होत्या, लेक आणि नातू बरोबर, आदल्या रात्रीच्या गाडीनं आलेल्या. डब्यातून चिवडा काढला, माझ्यापुढे धरला. मग विचारलं, "तुम्ही कोणत्या गावच्या?"

"इथलीच. म्हणजे आजोळ इथलं, दांडिया बाजारातलं."

"जवळ हाय का ते?"

"चालत अर्धा तास."

"मग लहानपणापासून येत असाल तुम्ही इथं."

मी हो म्हटलं. कितीदा आले ते सांगितलं, मगरींचं सांगितलं, नातवाला ते आवडलं. या झाडापाशी आज पहिल्यांदा आले, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. त्यांनी आणखी थोडा चिवडा हातावर घातला. पावणेआठला त्यांचा लेक उठला, चादर झटकली, पिशव्या मोजल्या. स्टेशन जवळ होतं, तरी त्यानं रिक्षा करायची म्हणाला, आईला चालवत नव्हतं. तिघं रिक्षात बसल्यावर बाई बाहेर वाकून म्हणाल्या, "पुढच्या साली या, म्या असतो इथंच, त्या डाव्या अंगाला."